निरपराधांच्या तुरुंगवासाचा हिशेब कोण देणार?

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा मजुरांची निर्दोष मुक्तता केली. याच न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी त्याच सहा जणांना फाशी देण्याचा निर्णय दिला होता. ज्या खटल्यातील पुराव्यावर २००९ साली सहा माणसांचे प्राण घेणे न्याय्य ठरले, त्याच खटल्यातील पुरावा पुन्हा वाचल्यावर २०१९ साली ती सहाही माणसे निर्दोष ठरली. मधल्या काळात बदलले ते एवढेच की, तो पुरावा एकदा तरी काळजीपूर्वक वाचला गेला.

या घटनेने महाराष्ट्राची विधानसभा हादरली नाही. गृहखात्याला झोप लागेनाशी झाली नाही. वृत्तपत्रांत दोन दिवस मजकूर आला आणि विषय मिटला. सहा माणसांच्या आयुष्यातील जवळजवळ सोळा वर्षे सरकारने हिरावून घेतली, त्यांच्या मानेपर्यंत दोर आणला आणि अखेर त्यांना दाराबाहेर उभे केले. तरी त्याची लाज कोणालाही वाटू नये, इतकी आपली सार्वजनिक सद्सद्विवेकबुद्धी बधिर झाली आहे काय? हा प्रश्न राज्यकर्त्यांना तर विचारलाच पाहिजे. पण न्याय आणि समता हे शब्द ज्यांच्या तोंडी रोज असतात, त्या आपल्या चळवळीलाही तो विचारला पाहिजे.

चौघे कोठे गेले?

‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने विधी-अहवालांत नोंदला गेलेला हा खटला प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखा आहे. ५ जून २००३ च्या रात्री पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली; स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा इतका अमानुष होता की, तो ऐकून कोणाचेही रक्त तापावे. त्या भीषण रात्रीतून घरातील आई आणि एक मुलगा एवढेच वाचले.

दोनच दिवसांनी, ७ जून रोजी, पोलिसांनी त्या आईला आपल्या दफ्तरातील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविली. तिने त्यांतून चार माणसे ओळखून दाखविली. घटनेला अठ्ठेचाळीस तासही नीट उलटले नव्हते. मुख्य प्रत्यक्षदर्शी साक्षीदार सांगत होती की, हेच ते. यानंतर कोणत्याही तपासाची पहिली पायरी कोणती असावी? त्या चौघांना शोधणे, त्यांना पकडणे, निदान ते त्या रात्री कोठे होते याची चौकशी करणे. यांपैकी काहीही घडले नाही. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्याविरुद्ध तपास झाला नाही, आणि का झाला नाही याचा खुलासाही सरकार पक्षाला अखेरपर्यंत करता आला नाही. त्यांच्याऐवजी उभे करण्यात आले हे सहा जण. नंतर ओळखपरेड झाली आणि तिच्यावर खटल्याची सारी इमारत रचली गेली.

नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्या तिघांचीही जन्मठेप वाढवून पुन्हा फाशी केली. म्हणजे अपिलाच्या पायऱ्या चढत गेल्यावर चूक दुरुस्त होते, हा जो समज आपल्याला शाळेपासून शिकविला जातो, तो येथे अक्षरशः उलटा झाला: वर जावे तो शिक्षा वाढत गेली. या सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी कायम झाल्यानंतर निष्पन्न झाले. ज्या पूर्वीच्या निवाड्याचा आधार घेऊन ही फाशी दिली गेली, तो निवाडाच कायद्याच्या दृष्टीने सदोष होता, असे सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्याच वर्षी म्हटले. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना विनंती केली की, अशा सदोष आधारावर फाशी झालेल्या तेरा जणांना फासावर चढवू नये. त्या तेरांत हे सहा होते. पुढे २०१४ साली, फाशीच्या प्रकरणांतील फेरविचाराचे अर्ज खुल्या न्यायालयात ऐकले गेले पाहिजेत असा निर्णय झाला, म्हणून २०१८ साली या खटल्याचे दार पुन्हा उघडले. या साखळीतील एक कडी जरी निसटली असती, तरी आज आपण सहा प्रेतांविषयी बोलत असतो. किंबहुना त्यांच्याविषयी कोणी बोललेच नसते.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. निरपराधाला शिक्षा होते तेव्हा अन्याय एकट्या त्याच्यावरच होत नाही. ज्या आईने आपली माणसे डोळ्यांदेखत गमावली, तिने दाखविलेल्या चौघांना सरकारने सोळा वर्षे मोकळे ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्या चौघांविषयी पुढील तपास करण्याचा आदेश दिला. पण सोळा वर्षांनी कोणता पुरावा हाती लागणार? म्हणून ‘आरोपींच्या हक्कांची बाजू घेणारे लोक पीडितांचे शत्रू’ हा जो प्रचार सतत केला जातो, तो निखालस खोटा आहे. खोटा आरोपी उभा करणारा पोलीस हाच खऱ्या गुन्हेगाराचा सर्वांत मोठा पाठीराखा असतो.

संशयाची जात

हेच सहा जण का? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच देऊन ठेवले आहे. आरोपी भटक्या जमातीचे, समाजाच्या तळच्या थरातील, अत्यंत गरीब मजूर आहेत. गंभीर गुन्ह्यांत अशा निरपराधांना गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा आशयाचे मत त्या निकालात नोंदले आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दिलेली ही कबुली आहे. आपले पोलीस तपास गुन्ह्याच्या जागेवरून सुरू करतात की माणसाच्या जन्मावरून, याचा निवाडा त्या एका वाक्यात झाला आहे.

वाशीम जिल्ह्यातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पोहरादेवीच्या या भूमीत बंजारा समाज मोठ्या संख्येने राहतो. महाराष्ट्र शासनाच्या यादीत तो विमुक्त जातींत गणला जातो. ‘विमुक्त’ या शब्दातच इतिहास आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द केला. परंतु पुस्तकातून गेलेला कायदा ठाण्यातून गेला नाही. त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली आणि जुनी नजर नव्या नावाने कायम राहिली. कोठेही चोरी होवो, दरोडा पडो, पोलिसांची गाडी प्रथम पारध्यांच्या बेड्याकडे वळते. पोटासाठी गाव सोडून गेलेला मजूर परमुलखात परका असतो आणि परका म्हणूनच संशयित असतो. ज्याचे घर पाल आहे, ज्याच्याकडे सातबारा नाही, ज्याच्या ओळखीचा सरपंच नाही, तो त्या रात्री कोठे होता हे ठाण्यात येऊन कोण सांगणार?

२०२४ च्या ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी महत्त्वाचा निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींचा ‘सराईत’ म्हणून होणारा उल्लेख घटनाबाह्य ठरला. प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तराव्या वर्षी हे सांगावे लागले, यातच सारे आले. राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दिल्ली, यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या फाशीच्या कैद्यांच्या अभ्यासात असे आढळले की, त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते आणि तितक्याच प्रमाणात ते मागासवर्गीय वा धार्मिक अल्पसंख्याक होते. गुन्हा करण्याची प्रवृत्ती काही जातींत आणि धर्मांत साठलेली असते, असे मानणारा मनुष्य वंशवादी म्हटला पाहिजे. तसे मानत नसू, तर ही संख्या दंडयंत्रणेच्या पक्षपाताची साक्ष आहे, हे मान्य करावे लागेल.

ठाण्यापासून फाशीपर्यंत

चुकीची शिक्षा आकाशातून पडत नाही. ती टप्प्याटप्प्याने तयार होते आणि प्रत्येक टप्प्यावर गरिबाची गरिबी हाच तिचा कच्चा माल असतो. गुन्हा घडला की वर्तमानपत्रे ओरडतात, मंत्री चोवीस तासांत अटकेची घोषणा करतात आणि ठाणेदाराला आरोपी हवा असतो. मग पोलीस कोठडी, कोठडीत मार, मारातून निवेदन, निवेदनातून ‘जप्ती’, आणि जप्तीच्या पंचनाम्यावर सही करायला बहुधा पोलिसांच्या ओळखीतलेच पंच. महिन्यांनंतर ओळखपरेड होते आणि तोवर साक्षीदाराने आरोपीला पाहिलेले असण्याच्या अनेक वाटा खुल्या असतात. आरोपीच्या वतीने उभा राहिलेला वकील खटल्याच्या दिवशी पहिल्यांदा कागद उघडतो. अपील करायचे तर ते नागपूर खंडपीठात. समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा-मालेगाव भागातून गेला आणि मोटारवाल्यांचे नागपूर जवळ आले. बेड्यावरच्या बाईला मात्र आपल्या नवऱ्याच्या अपिलाची तारीख कळण्याचा रस्ता अजून कोणी बांधलेला नाही.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील बॉम्बस्फोटांचा खटला याच यंत्रणेचे मोठे चित्र आहे. ११ जुलै २००६ रोजी सात स्फोटांत जवळजवळ १९० लोक प्राणांस मुकले. ‘मोक्का’ या १९९९ च्या कायद्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. सामान्य कायद्याने जे दार शतकाहून अधिक काळ बंद ठेवले होते, ते येथे उघडले गेले. २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब छळातून घेतलेले आणि एकमेकांची नक्कल वाटावी असे होते, ओळखपरेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता, साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी बोलते झाले होते, असे दोष न्यायालयाने दाखविले. या निकालाविरुद्ध राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ जुलै रोजी, सुटलेल्यांना परत तुरुंगात न धाडता, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, एवढी स्थगिती मिळाली. बारांपैकी एक जण मात्र निकाल ऐकायला उरला नव्हता. तो २०२१ साली नागपूर तुरुंगात असतानाच मरण पावला होता.

विदर्भातले दुसरे उदाहरण प्रा. जी. एन. साईबाबा यांचे. चाकाच्या खुर्चीशिवाय हलू न शकणाऱ्या या अध्यापकाला २०१७ साली गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने त्यांना मुक्त केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन तो निकाल स्थगित केला. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने त्यांना व त्यांच्या सहआरोपींना पुन्हा निर्दोष ठरविले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला साईबाबा वारले. त्यांचा एक सहआरोपी, गडचिरोलीचा आदिवासी तरुण, २०२२ सालीच बंदिवासात मरण पावला होता. सुटका रोखण्यासाठी शनिवारी न्यायालय भरू शकते. पण अपील ऐकण्यासाठी पाच-पाच वर्षे थांबावे लागते, हा विरोधाभास सामान्य माणसाने कसा समजून घ्यावा?

दिवसाला सत्त्याऐंशी रुपये

आता भरपाईचा हिशेब पाहू. त्या सहा मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये देण्यास सरकारला सांगितले. जून २००३ पासून मार्च २०१९ पर्यंतचे सुमारे ५,७५० दिवस होतात. भागाकार केला तर दिवसाला ८७ रुपये येतात. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरचा दर २०३ रुपये होता. म्हणजे मोकळ्या आकाशाखाली माती उचलणाऱ्याच्या दिवसाची जी किंमत सरकारने ठरविली होती, तिच्या निम्मीही किंमत फाशीच्या छायेत काढलेल्या दिवसाला मिळाली नाही. आणि तरीही हे सहा जण भाग्यवान म्हणायचे! कारण ही रक्कम त्यांना कोणत्याही कायद्याने मिळालेली नाही. ती न्यायालयाच्या असाधारण अधिकारातून, म्हणजे न्यायमूर्तींच्या कृपेतून मिळाली. अक्षरधाम खटल्यात सहा जण २०१४ साली निर्दोष सुटले. त्यांतील काहींनी भरपाई मागितली तेव्हा त्याने अनिष्ट पायंडा पडेल, असे सांगून २०१६ साली त्यांना रिक्त हस्ते परत पाठविण्यात आले. एकाला कृपा, दुसऱ्याला नकार; हक्क कोणालाच नाही.

कायद्यात तरतूद नाही असे नाही. आहे! निष्कारण अटक झालेल्या माणसाला भरपाई देण्याचे कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३९९ म्हणून कायम आहे. कमाल रक्कम एक हजार रुपये! ‘गुलामीच्या खुणा पुसतो’ असा डांगोरा पिटत हे नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू केले गेले. त्यांत पोलीस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी अनेक आठवड्यांत पसरून मागण्याची सोय पोलिसांना मिळाली. निरपराधाच्या पदरात मात्र त्याच हजार रुपयांची चिल्लर पडली. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांना बळी पडलेल्यांसाठी कायद्याने भरपाई, त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष न्यायालये आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई सुचविली होती. तो अहवाल आज धूळ खात पडला आहे. १९७९ साली भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा स्वीकारला. चुकीची शिक्षा भोगलेल्याला कायद्याप्रमाणे भरपाई द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये, एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना, सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याची गरज पुन्हा बोलून दाखविली. त्याच महिन्यात आपल्या विधिमंडळाला जनसुरक्षा विधेयक मंजूर करण्यास मात्र सवड मिळाली. माणसे आत टाकण्याचे कायदे दोन दिवसांत होतात. चुकून आत टाकलेल्यांचा कायदा सात-सात वर्षे सापडत नाही.

आक्षेपांचा समाचार

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, मनुष्याची संस्था म्हटली की चुका व्हायच्याच. मान्य. पण अशा चुका कारखानदारांच्या मुलांच्या बाबतीत का होत नाहीत? ज्या चुकीची दिशा नेहमी एकाच वस्तीकडे असते, तिला अपघात म्हणता येत नाही. आणि चुका अपरिहार्य असतील तर त्या शोधण्याची व भरून देण्याची व्यवस्था अधिकच अपरिहार्य ठरते. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांसाठी १९७५ साली जन्मठेप झालेले सहा आयरिश लोक १९९१ साली निर्दोष सुटले, त्याच दिवशी तेथील सरकारने फौजदारी न्यायाच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन जाहीर केले आणि पुढे १९९७ पासून संशयास्पद शिक्षांची फेरतपासणी करणारा स्वतंत्र आयोग कामाला लागला. आमच्याकडे सहा माणसे फाशीवरून परत आली, तेव्हा विधानसभेत साधी चर्चा व्हावी असेही कोणाला वाटले नाही.

दुसरा आक्षेप असा की, भरपाई आणि कारवाई यांच्या भीतीने पोलिसांचे मनोधैर्य खचेल. ज्या मनोधैर्याला निरपराधाची सोळा वर्षे लागतात, ते खचलेलेच बरे. प्रामाणिक शिपायाला या मागणीने भय नाही. उलट वरिष्ठांच्या दडपणाखाली खोटा पंचनामा लिहिण्यास नकार देण्याचे बळ त्याला मिळेल. शिंदे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदोष तपासाला जबाबदार असलेले अधिकारी शोधून, सेवेत असल्यास त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करण्याचा आदेश गृहखात्याला दिला होता. अशा आदेशांचे पुढे काय झाले, हे जनतेला सांगण्याचे बंधन सरकारवर का नसावे?

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, कारण तो आपल्याच छावणीतून येतो. एखादा क्रूर अत्याचार घडतो, जनमत प्रक्षुब्ध होते आणि पुरोगामी म्हणविणाऱ्या संघटनांच्या फलकांवरही ‘तात्काळ फाशी द्या’ अशा घोषणा झळकतात. त्या संतापामागची वेदना खरी आहे. तिचा अधिक्षेप कोणी करू नये. पण या घोषणेचे फळ काय? डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले, त्यात फाशी होती आणि तपासाला तीस दिवस होते. घाईचा तपास आणि फाशीची शिक्षा यांचा संगम म्हणजेच शिंदे खटला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. हैदराबादेत २०१९ साली चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि देशभर पेढे वाटले गेले. विदर्भाचे सुपुत्र न्यायमूर्ती वि. स. शिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ साली सांगितले की, ती चकमक बनावट होती आणि चारांपैकी तिघे अल्पवयीन होते. तोवर पेढे पचलेही होते. मारलेला माणूस दोषी होता की नव्हता, हे ठरविण्याची संधी गोळीने कायमची संपविली; त्या मृत तरुणीला तरी त्यातून कोणता न्याय मिळाला? ज्या शिक्षेतून परत येण्याची वाट नाही, ती शिक्षा चूक करू शकणाऱ्या राज्याच्या हाती देता येत नाही. फाशीला विरोध ही हळव्या मनाची लहर नाही. अशा राज्याविषयी समाजवाद्याने घ्यावयाची ती किमान सावधगिरी आहे.

आणि ही सावधगिरी आपल्या परंपरेला नवी नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांना स्वतंत्र भारतातही पुनःपुन्हा तुरुंगात जावे लागले. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्थानबद्धता रद्द केली, तेव्हा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली सरकारला काय करता येत नाही, याची एक मर्यादा आखली गेली. आणीबाणीत आपले हजारो साथी चौकशीविना डांबले गेले आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दाद मागण्याचा हक्कही नाकारला. ती चूक न्यायालयाने स्पष्ट शब्दांत पुसली ती २०१७ साली, एक्केचाळीस वर्षांनी. परंतु राजकीय कैद्याच्या मागे पक्ष होता, वृत्तपत्रे होती, इतिहास होता. तुरुंगातून सुटल्यावर त्याच्या गळ्यात हार पडले. भटक्या मजुराच्या गळ्यात हार घालायला कोण गेले?

मागण्या आणि काम

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. चुकीच्या शिक्षेची व खटल्याची भरपाई हा कायदेशीर हक्क झाला पाहिजे. रक्कम न्यायाधीशाच्या मर्जीवर न ठेवता गमावलेल्या वर्षांच्या प्रमाणात ठरली पाहिजे, आणि तिच्याबरोबर घर, काम व औषधोपचार मिळाले पाहिजेत. खोटा पुरावा रचणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरण्यासाठी सरकारच्या परवानगीची ढाल राहू नये. शिक्षा अंतिम झाल्यानंतरही खटले पुन्हा तपासणारा स्वतंत्र आयोग स्थापन व्हावा. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरणारी विशेष कायद्यांतील कलमे आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द व्हावेत. गरिबाला वकील ठाण्यातल्या पहिल्या तासापासून मिळावा, आणि त्याला सरकारी वकिलाइतके मानधन मिळावे. फाशी रद्द व्हावी.

पण मागण्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून छायाचित्र काढले की काम संपले, असे मानणाऱ्यांचा पक्षाला उपयोग नाही. रिसोड, मानोरा, मंगरूळपीर, कुठल्याही तालुक्यात बेड्यावरून वा तांड्यावरून माणूस उचलला गेला, तर त्या रात्रीच ठाण्यात जाणारे दोन कार्यकर्ते असले पाहिजेत. अटकेची कारणे लेखी, आणि त्याला समजेल अशा भाषेत, द्यावी लागतात, ती मागावीत. चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. त्या वेळी तेथे हजर राहावे आणि मार बसला असल्यास दंडाधिकाऱ्याला सांगण्याचे धैर्य त्याला द्यावे. ठाण्यांतील कॅमेऱ्यांचे चित्रण किमान एक वर्ष जपून ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. ते जपून ठेवावे असा अर्ज लगेच द्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलासाठी अर्ज करावा आणि वकील मिळाल्यावर तो काम करतो की नाही, हे प्रत्येक तारखेला जाऊन पाहावे. २०२२ अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कैद्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. त्यांत आपल्या जिल्ह्यातील कोण आहेत, कोणत्या तुरुंगात आहेत, त्यांच्या घरी काय चालले आहे, याची यादी तालुकावार आपल्याजवळ असली पाहिजे. यांतल्या कोणत्याही कामाला आमदारकी लागत नाही.

वाशीम हा शासनाच्या कागदावर ‘आकांक्षित’ जिल्हा आहे. रस्ते, शाळा, दवाखाने यांच्या आकड्यांवरून आकांक्षा मोजल्या जातात. रात्री दारावर पोलिसांची थाप पडली तर आपला माणूस सकाळी सुखरूप परत येईल, एवढा भरवसा बेड्यावरच्या बाईला असणे, ही आकांक्षा त्या तक्त्यात नाही. ती तेथे लिहून घेणे हे आपले काम आहे.